पडद्यावरची रत्नागिरी

गाणे कानांनी ऐकायचे असते. मग गाणी ऐकवणाऱ्या यंत्राला पडदा कशाला हवा?

विद्यार्थी मित्रहो, प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात बरेच विज्ञान दडलेले आहे. जुन्या रेडिओपासून आजच्या ‘स्ट्रीमर’पर्यंत बहुतेक सर्व संगीतयंत्रांनी कानांबरोबर डोळ्यांनाही काहीतरी दिले. स्ट्रीमर म्हणजे हातात मावेल एवढी एक डबी. इंटरनेटवरची गाणी किंवा घरातल्याच संगणकात साठवलेली गाणी ती वाय-फायने ओढून घेते आणि ध्वनिवर्धकाकडे पाठवते. तिच्या पडद्यावर गाण्याचे नाव, गायकाचे नाव, सरलेला वेळ आणि गाण्याच्या तालावर नाचणारे पट्टे दिसतात. यांपैकी काय दिसावे, किती मोठे दिसावे, गाणे थांबल्यावर पडद्यावर घड्याळ यावे की अंधार, हे अनेक यंत्रांत आपल्याला ठरवता येते.

आता कल्पना करा, तुम्ही रत्नागिरीजवळच्या एखाद्या गावात राहता. शिमग्याच्या दिवसांत गावच्या मंडळाचे नमन तुम्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले आहे. मृदंग आहे, झांजा आहेत, गवळण आहे. हे ध्वनिमुद्रण तुम्ही घरच्या संगणकात ठेवले, त्याला ‘नमन रत्नागिरी’ असे नाव दिले आणि स्ट्रीमर सुरू केला. आवाज उत्तम येतो. पट्टेही झकास नाचतात. पण नावाच्या जागी? कधी चौकोनांची रांग, कधी प्रश्नचिन्हे, तर कधी ‘रत्नाग’ एवढेच आणि पुढे काहीच नाही!

मृदंगाची थाप यंत्राला कळली आणि रत्नागिरी मात्र कळली नाही, असे का व्हावे? या लेखात याचाच शोध घेऊ.

डोळा, काटा आणि पट्टे

प्रथम संगीतयंत्राच्या पडद्याचे पूर्वज पाहू. १९३५ साली अमेरिकेतील आरसीए कंपनीने रेडिओत बसवण्यासाठी एक छोटी निर्वात नळी बाजारात आणली. तिच्या टोकाला हिरवा उजेड पडे आणि त्यात सावलीची एक पाचर दिसे. केंद्र नीट लागले की पाचर अरुंद होई. लोक तिला ‘जादूचा डोळा’ म्हणत.

त्यानंतर आला काटा. १९३९ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळा आणि दोन मोठ्या नभोवाणी कंपन्यांनी मिळून आवाजाची पातळी दाखवणारा ‘व्हीयू मीटर’ तयार केला. पुढे टेपरेकॉर्डरवर डुलणारे काटे दिसत, ते याच कुळातले. या काट्याची एक गंमत ध्यानात ठेवा. आवाज एकदम वाढला तरी काटा एकदम उडी मारत नाही. योग्य जागी पोचायला त्याला सुमारे ०.३ सेकंद लागतो. हा काट्याचा दोष नव्हे. आपल्या कानाला आवाजाचा ‘मोठेपणा’ जसा जाणवतो त्याच्या जवळपास काट्याने राहावे, म्हणून तो मुद्दाम तसा संथ केलेला होता. अर्थात झांजेचा क्षणभराचा खणखणाट असा काटा पूर्णपणे दाखवत नाही.

संगणकाच्या युगात काट्याशेजारी पट्टे आले. पट्टे काढण्याची युक्ती अशी. ध्वनिमुद्रण म्हणजे आकड्यांची लांबच लांब माळ. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. यंत्र त्यांतले, समजा, १०२४ आकडे एका वेळी उचलते. हा तुकडा सुमारे ०.०२३ सेकंदाचा झाला. या तुकड्यात कोणकोणत्या कंप्रतेची कंपने किती प्रमाणात मिसळली आहेत हे गणिताने वेगळे काढले जाते. कोणतीही गुंतागुंतीची लहर साध्या लहरींच्या बेरजेने मांडता येते, हा विचार फ्रेंच गणिती फूरिए याने उष्णतेवरील आपल्या १८२२ सालच्या ग्रंथात विस्ताराने मांडला. हे गणित झटपट करण्याची कूली आणि टूकी या दोघांची रीत १९६५ साली प्रसिद्ध झाली. छोट्याशा डबीला पट्टे नाचवणे परवडते ते अशा झटपट रीतींमुळे.

पण इथेही कोणीतरी काहीतरी ठरवलेले असते. समजा, पडद्यावर १६ पट्टे आहेत आणि ० ते २२,०५० हर्ट्झ ही सगळी लांबी आपण १६ सारख्या भागांत वाटली. प्रत्येक पट्ट्याच्या वाट्याला सुमारे १,३७८ हर्ट्झ आले. आता माणूस गाताना जे सूर लावतो त्यांच्या मूळ कंप्रता बहुधा १,००० हर्ट्झच्या आतच असतात. म्हणजे तुमचा सारा ‘सा रे ग म प ध नी सा’ पहिल्याच पट्ट्यात गर्दी करून उभा राहील! बाकीच्या पट्ट्यांत फक्त वरचे उपस्वर आणि झांजांची किणकिण. म्हणून पट्ट्यांची वाटणी सारख्या भागांनी न करता पटीपटीने करतात : १०० ते २००, २०० ते ४००, ४०० ते ८०० अशी. खालच्या ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत कंप्रता दुप्पट होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पटीपटीची वाटणी कानाला मानवते ती त्यामुळे.

मोबाइलवर असे पट्टे दाखवणारे एखादे ॲप असेल तर करून पाहा. आधी लांब ‘आ’ म्हणा, मग नुसता ‘स्‌ स्‌’ असा आवाज काढा. पहिल्या वेळी डावीकडचे पट्टे उठतील, दुसऱ्या वेळी उजवीकडचे.

ध्यानात घ्या, पट्ट्यांना भाषा लागत नाही. नमन असो, नाट्यगीत असो वा परदेशी वाद्यवृंद, यंत्रापुढे येते ती आकड्यांची माळच. त्यामुळे कारखान्यातून बाहेर पडलेली डबी कोणत्याही देशात तितकेच चांगले पट्टे नाचवते. नावाचे तसे नाही. नाव लिपीत असते, आणि लिपी यंत्राला शिकवावी लागते.

पाच गुणिले आठ

यंत्राला अक्षर म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. जपानच्या हिताची कंपनीने १९८० च्या दशकात अक्षरे दाखवणारा एक स्वस्त नियंत्रक बनवला. त्याच्यावर चालणारे दोन ओळींचे छोटे पडदे आजही शाळेच्या विज्ञानप्रदर्शनांत हमखास दिसतात. त्यात प्रत्येक अक्षराला एक घर मिळते, आडवे ५ आणि उभे ८ ठिपके. इंग्रजी अक्षरे यात आरामात बसतात. जपानी कंपनीला आपली भाषा हवी होती, म्हणून जपानी ‘काताकाना’ अक्षरेही त्यात जन्मापासून कोरलेली आहेत. देवनागरी नाही. मात्र ८ घरे रिकामी ठेवली आहेत. त्यांत वापरणाऱ्याने स्वतःची चित्रे भरावीत.

चला, या आठ घरांत रत्नागिरी बसते का पाहू. लिहिताना आपण डावीकडून क्रमाने काय काढतो? र, त्न, काना, पहिली वेलांटी, ग, र, दुसरी वेलांटी. घरे सात. त्यांत ‘र’ दोनदा आला, म्हणून वेगळी चित्रे सहाच. आठांत सहा बसली! आपल्या जिल्ह्याचे नाव या गरीब पडद्यावरही लिहिता येते.

पण लिहून झाल्यावर ते कसे दिसेल? दोन घरांमध्ये कोऱ्या जागेची एक फट असते. इंग्रजीत अक्षरे सुटी असल्यामुळे ही फट सोयीची. आपली शिरोरेषा मात्र प्रत्येक फटीपाशी तुटते. शिवाय आठांपैकी एक ओळ शिरोरेषेला, वर वेलांटीच्या कमानीला जागा हवी, खाली उकार आला तर त्यालाही हवी. मग खुद्द अक्षराला उरते ते काय? ‘त्न’सारखे जोडाक्षर पाच ठिपक्यांच्या रुंदीत अंग चोरून बसते. आणि ‘नमन’ शब्दही शेजारी हवा असेल तर ‘न’ आणि ‘म’ यांना आणखी दोन घरे लागतील. आठही संपली!

यावर उपाय म्हणजे घरे मोडून टाकणे. कॅलिफोर्नियातील स्लिम डिव्हाइसेस या छोट्या कंपनीने २००१ साली ‘स्लिमपी३’ नावाचा घरगुती स्ट्रीमर काढला. त्याच्या पडद्यावर ४० अक्षरांच्या दोन ओळी होत्या. पुढे याच कंपनीच्या ‘स्क्वीझबॉक्स’ मालिकेत ३२० गुणिले ३२ ठिपक्यांचा सलग पडदा आला. एकूण १०,२४० ठिपके, आणि त्यांतला कोणताही ठिपका स्वतंत्रपणे उजळता येई. अक्षरे, काटा, पट्टे, घड्याळ, हवे ते काढा. सोळा घरांच्या दोन ओळींच्या छोट्या पडद्यात सगळे मिळून १,२८० ठिपके असतात. त्याच्या आठपट हे झाले. सलग ठिपक्यांवर शिरोरेषा तुटण्याचे कारण उरत नाही.

यंत्रासाठी लिपी की लिपीसाठी यंत्र?

यंत्राच्या घरात देवनागरी मावत नाही, ही तक्रार काही आजची नाही. आणि या तक्रारीच्या इतिहासात रत्नागिरीचे नाव दोनदा येते.

लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीचा. ‘केसरी’ छापायचा म्हणजे शिशाचे खिळे जुळवायचे. इंग्रजीला मोठी व लहान लिपी धरून २६ अक्षरांचे दोन संच पुरत. देवनागरीला मात्र काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे धरून काही शेकडे खिळे लागत. जुळारी त्या खणांपुढे दिवसभर हात चालवी. खिळ्यांची ही संख्या कमी कशी करता येईल यावर टिळकांनी बारकाईने काम केले. खिळ्यांचा तो संच ‘टिळक टाइप’ म्हणून ओळखला गेला.

पुढे १९२४ ते १९३७ या काळात वि. दा. सावरकर रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ मांडली. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांना निराळी चित्रे कशाला? ‘अ’लाच वेलांटी, उकार आणि मात्रा लावून अि, अी, अु, अू, अे, अै असे लिहावे, म्हणजे छपाई सोपी होईल, असा तो विचार होता. काही मराठी लेखकांनी आणि नियतकालिकांनी ही बाराखडी वापरलीही. आज ती प्रमाण लेखनात राहिलेली नाही.

या दोन्ही प्रयत्नांची दिशा पाहा. खिळा शिशाचा, खण लाकडाचा. ते बदलणे अवघड. म्हणून लिपीने थोडे वाकावे, असा हिशेब होता आणि त्या काळाच्या मानाने तो रास्त होता. ठिपक्यांचा पडदा मात्र आज्ञावलीने चालतो. त्याला नवी रीत शिकवता येते. इथे यंत्रच वाकू शकते. फक्त कोणीतरी त्याला शिकवले पाहिजे.

रत्नागिरीचे नऊ आकडे

यंत्राला शिकवायची पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक अक्षराचा क्रमांक. भारतीय लिपींसाठी असे क्रमांक ठरवणारे ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ साली प्रसिद्ध झाले. भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले होते आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते ‘जिस्ट’ या नावाने पुढे नेले. जगातल्या सर्व लिपींना एकाच यादीत क्रमांक देणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. तिच्यात देवनागरी पहिल्यापासून आहे.

युनिकोडच्या यादीप्रमाणे ‘रत्नागिरी’ हा शब्द यंत्रात असा साठतो :

र २३५२, त २३४०, हलन्ताची खूण २३८१, न २३४४, काना २३६६, ग २३२७, पहिली वेलांटी २३६७, र २३५२, दुसरी वेलांटी २३६८.

आपण बोलताना चार अक्षरे म्हणतो : र, त्ना, गि, री. यंत्राजवळ मात्र नऊ आकडे आहेत. आता दोन जागा नीट पाहा. ‘त्न’ असे एकसंध अक्षर या यादीत नाहीच. त, हलन्त आणि न असे तीन तुकडे आहेत. त्यांचे जोडाक्षर करणे हे दाखवणाऱ्याचे काम. दुसरी जागा पहिल्या वेलांटीची. आपण ती ‘ग’च्या आधी काढतो, पण उच्चारात ती ‘ग’नंतर येते, म्हणून साठवणीतही तिचा क्रमांक ‘ग’नंतर आहे. दाखवताना ती उचलून ‘ग’च्या डावीकडे न्यावी लागते.

हे नियम न शिकलेले यंत्र काय करील? आकडे येतील तसे एकापुढे एक चित्र ठेवत जाईल. ‘त’चा पाय हलन्ताने मोडलेला दिसेल आणि ‘न’ वेगळा उभा राहील. वेलांटी ‘ग’च्या पुढे पडेल आणि शेजारच्या ‘र’ला चिकटल्यासारखी दिसेल. बिचाऱ्या ‘र’वर दोन्ही बाजूंनी वेलांट्या! अक्षरांचा संच, म्हणजे टंक, यंत्रात असूनही असे होते. आणि टंकच नसेल तर? मग प्रत्येक क्रमांकाच्या जागी रिकामा चौकोन. चौकोन दिसला तर अक्षर हरवलेले नसते. ‘क्रमांक कळला, पण चित्र माझ्याजवळ नाही’ असे यंत्र सांगत असते.

मग ‘रत्नाग’ कुठून आले? त्याचे कारण निराळे आहे. एमपी३ ध्वनिमुद्रणाच्या शेवटी गाण्याची माहिती चिकटवण्याची एक रीत १९९६ साली निघाली. तिच्यात सगळ्या माहितीला मिळून १२८ बाइट आणि गाण्याच्या नावाला फक्त ३० बाइट जागा होती. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटमध्ये मावते. युनिकोडचे क्रमांक साठवण्याची आज सर्वाधिक वापरातली रीत ‘यूटीएफ-८’. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. म्हणजे रत्नागिरीला नऊ त्रिक सत्तावीस. ‘नमन’ला ९ आणि मधल्या मोकळ्या जागेला १ धरून एकूण ३७ बाइट झाले. ही माहिती ३० बाइटांच्या खणात कोंबली की काय होईल? ‘नमन’ आणि मोकळी जागा यांनी १० बाइट घेतले. उरलेल्या २० बाइटांत सहा खुणा पूर्ण बसतात : र, त, हलन्त, न, काना, ग. सातव्या खुणेचे दोनच बाइट आत येतात, तिसरा बाहेर पडतो. म्हणून ‘नमन रत्नाग’ आणि पुढे फार तर एक प्रश्नचिन्ह! ही जुनी रीत पाश्चात्त्य अक्षरांपुरतीच आखलेली होती. नंतरच्या आवृत्त्यांत मोठी जागा आणि युनिकोड दोन्ही आले. तरीही जुन्या आज्ञावलीने नावे लिहिली तर हा अपघात आजही घडू शकतो.

एक तिसरा प्रकारही दिसतो. नावाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ पुन्हापुन्हा येतो आणि मधूनमधून जपानी येनचे चिन्ह डोकावते. हे कोडे तर फारच सोपे. देवनागरीच्या प्रत्येक खुणेचा पहिला बाइट २२४ असतो, दुसरा १६४ किंवा १६५. जुन्या पाश्चात्त्य तक्त्यात २२४ म्हणजे तो रेघेचा ‘ए’ आणि १६५ म्हणजे येन. यंत्राने तीन बाइटांची एक खूण न वाचता तीन सुटी अक्षरे वाचली, एवढाच याचा अर्थ. ‘रत्नागिरी’मध्ये हलन्त आणि दुसरी वेलांटी या दोन खुणांचा दुसरा बाइट १६५ आहे. तेव्हा येनची चिन्हे दोन. असा कचरा पडद्यावर दिसला तर फाइल पुसून टाकू नका. नाव आत शाबूत आहे, वाचण्याची किल्ली चुकली आहे.

दर्या आणि दऱ्या

रत्नागिरीच्या पश्चिमेला दर्या आहे आणि पूर्वेला सह्याद्रीच्या दऱ्या आहेत. दोन शब्दांत फरक किती? एका ‘र’चा. ‘दर्या’त रफार आहे. ‘दऱ्या’त ‘य’च्या डावीकडे चिकटलेला छोटा ‘र’ आहे. आचार्यांना जेवायला बोलावणे आणि आचाऱ्यांना जेवण करायला बोलावणे यांतही हाच फरक.

हा चिकटलेला ‘र’ हिंदीच्या नेहमीच्या लेखनात लागत नाही, मराठीला मात्र रोज लागतो. युनिकोडमध्ये त्यासाठी २३५३ क्रमांकाचा ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’ अशी जोडणी आहे. दुसरीही एक वाट आहे : साधा ‘र’, हलन्त, ८२०५ क्रमांकाची एक अदृश्य जोडखूण आणि ‘य’. डोळ्यांना दोन्ही ‘दऱ्या’ सारख्याच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. म्हणून एका रीतीने लिहिलेले गाणे दुसऱ्या रीतीने शोधले तर सापडत नाही. घरच्या संग्रहात एकच रीत पाळावी, हे बरे.

‘ॲ’ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. मराठी माणूस ‘ॲल्युमिनियम’ लिहितो, पण या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली. त्याआधी घडवलेल्या टंकात ‘ॲ’च्या जागी चौकोन दिसला तर नवल नाही. या अक्षराची उणीव जाणवायला मराठी लिहिणारा माणूसच हवा होता.

किल्ली कोणाच्या हाती?

स्लिम डिव्हाइसेस ही कंपनी २००६ साली लॉजिटेक या मोठ्या कंपनीने विकत घेतली. २०१२ साली स्क्वीझबॉक्स मालिका बंद झाली आणि २०२४ साली तिची इंटरनेटवरील सेवाही थांबली. अशा वेळी सहसा यंत्र अडगळीत जाते. इथे तसे झाले नाही. गाणी पुरवणारी घरच्या संगणकावरची आज्ञावली पहिल्यापासून सर्वांना वाचायला व बदलायला खुली होती. हौशी लोकांनी ती चालू ठेवली. आज ती ‘लिरियन म्युझिक सर्व्हर’ या नावाने मिळते. जुन्या डब्या तिच्यावर चालतात आणि नव्याही घरी बनवता येतात. २०१२ साली आलेला ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा संगणक, एक छोटा पडदा आणि ‘पिकोअरप्लेअर’सारखी खुली आज्ञावली एवढ्यावर स्ट्रीमर उभा राहतो. त्यात काटा हवा की पट्टे, हे तर निवडता येतेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणता टंक वापरायचा हेही बदलता येते.

जोडाक्षरे जुळवण्याचे आणि वेलांटी उचलून नेण्याचे नियम आपल्याला नव्याने लिहावे लागत नाहीत. ‘हार्फबझ’ नावाची खुली आज्ञावली हेच काम करते. अँड्रॉइड मोबाइलमध्ये ती असतेच. तिचे नाव फारसी आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, आपण ‘एक हरफही काढला नाही’ म्हणतो तोच शब्द. ‘बाझ’ म्हणजे उघडे. देवनागरीचे टंकही खुले मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी घडवलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक कोणीही विनामूल्य वापरू शकतो.

याउलट सर्व बाजूंनी बंद असलेल्या डबीत चौकोन दिसले तर आपण कंपनीला पत्र लिहू शकतो आणि वाट पाहू शकतो. एवढेच.

प्रसिद्ध चित्रपटगीतांची नावे जगभरच्या यादीत कोणीतरी भरलेलीच असतात. तुमच्या वाडीचे नमन, गणपतीतली जाखडी, आजीच्या ओव्या त्या यादीत नसतात. त्यांना नाव देणारे तुम्हीच. तुम्ही नाव दिले नाही, किंवा दिलेले नाव पडद्यावर उमटले नाही, तर ‘ध्वनिमुद्रण क्रमांक १२’ एवढीच त्यांची ओळख उरते. दहा वर्षांनी ते कोणाचे, कुठले, कधीचे हे कोण सांगणार?

करून पाहा

१. चौकटींच्या कागदावर आडव्या ५ आणि उभ्या ८ चौकटींची घरे आखा. दोन घरांत एक चौकट सोडा. चौकटी रंगवून त्यांत आपल्या गावाचे नाव लिहा. किती वेगळी चित्रे लागली? आठांत बसली का? मग तेच नाव १६ चौकटी उंचीच्या सलग पट्टीवर लिहा आणि दोन्हींची तुलना करा.

२. आपल्या गावाच्या नावात युनिकोडच्या किती खुणा आहेत ते मोजा. तिने गुणा. गुणाकार ३० च्या आत आहे का? ‘गुहागर’ बसते. ‘संगमेश्वर’ला किती बाइट लागतात ते तुम्ही काढा. (अनुस्वार व मात्रा यांचीही खूण मोजायची आणि ‘श्व’मधला हलन्त विसरायचा नाही.)

३. घरात संगीतयंत्र, मोबाइल किंवा गाडीतला रेडिओ असेल, तर एखाद्या ध्वनिमुद्रणाला पुढील नाव देऊन पाहा : ‘रत्नागिरी दर्या दऱ्या नारळ ॲप’. प्रत्येक यंत्र कोणत्या शब्दापाशी अडते त्याचा तक्ता करा. चौकोन, मोडलेले अक्षर, तुटलेले नाव आणि परकी चिन्हे असे चार रकाने आखा. कोणत्या बिघाडाचे कारण काय, हे आता तुम्हाला सांगता आले पाहिजे. शिक्षकांनी वर्गाचे तक्ते एकत्र केले तर कोणत्या यंत्राला कोणते मराठी येत नाही याची चांगली यादी तयार होईल. ती यंत्र बनवणाऱ्यांना किंवा खुली आज्ञावली सांभाळणाऱ्यांना जरूर पाठवा.

४. गावातले एक गाणे, गाणाऱ्यांची परवानगी घेऊन, ध्वनिमुद्रित करा. त्याच्या माहितीत गाण्याचा प्रकार, गाव, वाडी, वर्ष आणि गाणाऱ्यांची पूर्ण नावे शुद्ध मराठीत लिहा. मग ते घरातल्या पडद्यावर लावा, आणि ज्यांनी गायले त्यांनाच ते वाचायला बोलवा.